परसातल्या कोंबड्यांची मर: नव्याने पाळणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगांना औषध नाही. मेडिकलमधून आणलेली गोळी, मोबाईलवर आलेला काढा, शेजारच्या काकांचा लसूण-हळदीचा उपाय, यातल्या कशानेही मानमोडी (राणीखेत) लागलेली कोंबडी बरी होत नाही. आपल्या हातात असतात त्या दोन गोष्टी: रोग येण्याआधी दिलेली लस आणि रोगाला आत येऊ न देणारी शिस्त. तिसरी एक आहे, ती मर सुरू झाल्यावर कामाला येते आणि गावात नेमकी तीच कोणी पाळत नाही. मर सुरू झाली की उरलेल्या कोंबड्या विकायच्या नाहीत. एका वस्तीवरचा रोग दहा गावांत जातो तो वाऱ्याने कमी आणि बाजाराच्या पिशवीतून जास्त.

हे सगळं पाच ते पन्नास कोंबड्या अंगणात मोकळ्या सोडणाऱ्यांसाठी आहे, मग त्या गावरान असोत, गिरीराज, वनराज किंवा कडकनाथ. ब्रॉयलरच्या शेडचं गणित वेगळं असतं, तिथे कंपनीचा सुपरवायझर सगळं सांगतो. आपल्याला सांगायला कोणी येत नाही.

आधी सामान जमवा

रोग आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे घरात असू द्या:

- लहान थर्मास आणि फ्रीजमध्ये गोठवलेल्या बर्फाच्या दोन पिशव्या
- १ किंवा २ मिलीच्या सिरिंज, बारीक सुया, डोळ्यात थेंब टाकायचा ड्रॉपर
- रबरी हातमोजे, मास्क, खुराड्यापाशीच ठेवायची वेगळी चप्पल
- चुन्याची फक्की, ब्लिचिंग पावडर, धुण्याचा सोडा
- आजारी पक्ष्यासाठी एक जादा डालगं किंवा लोखंडी पिंजरा
- एक वही

वहीत कोंबड्यांची संख्या, पिल्लं कधी फुटली ती तारीख, लस कधी दिली, लसीच्या बाटलीवरचा बॅच नंबर आणि मेलेल्या पक्ष्यांची नोंद ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, 'लस कधी दिली होती?' त्याला 'दिली होती मागे कधीतरी' हे उत्तर चालत नाही.

१. नेमकं काय झालंय ते ओळखायला शिका

परसातल्या कोंबड्यांना सगळ्यात जास्त मारते ती मानमोडी, म्हणजेच राणीखेत. कोंबडी सुस्त होते, पंख खाली पडतात, हिरवट-पांढरी पातळ शीट होते, चोच उघडून घरघर श्वास घेते. काहींची मान पिळवटते, पाय किंवा पंख लुळा पडतो, अंडी मऊ कवचाची किंवा बिनकवचाची येतात. जोराची लाट असेल तर यातलं काही दिसायच्या आतच सकाळी खुराड्यात दोन-तीन मेलेल्या सापडतात. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागतात, कधी दोन, कधी पंधराही. म्हणून बाजारातून आणलेली कोंबडी आणली त्या दिवशी ठणठणीत दिसते.

देवी ओळखायला सोप्या. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला आधी फोड आणि मग खरखरीत खपल्या. हा रोग मुख्यतः डासांमुळे पसरतो, त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत जास्त दिसतो. खपल्यांच्या देवीत बहुतेक पक्षी वाचतात. तोंडात आणि घशात पिवळट पापुद्रा धरला तर मात्र कोंबडी गुदमरते किंवा उपाशी मरते.

गंबोरो तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना गाठतो. पांढरी पाणीदार हगवण लागते, पिल्लं एका कोपऱ्यात गोळा होऊन थरथरतात आणि स्वतःच्याच बुडाला चोची मारतात. वाचलेल्या पिल्लांची प्रतिकारशक्ती मार खाते आणि नंतर दिलेल्या बाकीच्या लसीही नीट लागू पडत नाहीत. मरेक्स हा आणखी एक विषाणूजन्य रोग, त्यात तलंगांचा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांचा) एक पाय पुढे आणि एक मागे असा ताणला जातो.

प्रत्येक मर विषाणूचीच असते असं मात्र नाही. शीट रक्ताळ असेल तर बहुधा कॉक्सिडिया (आतड्यातला परजीवी), आणि त्याला औषध आहे. मे महिन्यात दुपारी सगळ्याच कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात आणि संध्याकाळी पूर्ववत होतात, तेव्हा तो उन्हाचा त्रास असतो. जुलाब आणि अचानक मरतूक कॉलऱ्यातही होते, आणि तो जिवाणूंचा रोग आहे. एका रात्रीत एकच मेली आणि बाकीच्या दाणे टिपतायत, तर साप-मुंगूस आधी तपासा. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. ती कशी करायची ते पाचव्या पायरीत येईल.

२. रोग कोणत्या वाटेने येतो ते बघा आणि ती वाट बंद करा

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना जाळीत कोंडून ठेवा असं मी सांगणार नाही. ते जमत नाही आणि मग परसात पाळण्याला अर्थही उरत नाही. पण रोगाच्या वाटा मोजक्या आहेत.

पहिली वाट आठवडी बाजाराची. गावात मर सुरू झाली की लोक उरलेल्या कोंबड्या पडेल भावात विकतात, आणि बाजारात 'स्वस्तात मिळाली' म्हणून घेतलेली कोंबडी बहुतेक वेळा अशाच घरची असते. गटारी, शिमगा, गावची जत्रा यांच्या आधी-नंतर हे फार होतं. या दिवसांत नवीन पक्षी घरात आणूच नका.

दुसरी वाट कोणाच्या लक्षातही येत नाही: नवसाचा कोंबडा. जत्रेच्या चार दिवस आधी आणून अंगणात पायाला दोरी बांधून ठेवतात. तो कापला जातो, पण त्या चार दिवसांत त्याच्या शिटेवरून आपल्या कोंबड्या फिरलेल्या असतात. कोकणात राखणीच्या कोंबड्याचंही तेच. असा कोंबडा घराच्या दुसऱ्या अंगाला, गोठ्यात किंवा ओसरीवर डालग्याखाली ठेवा, आपल्या कोंबड्यांजवळ नको.

तिसरी वाट मोटारसायकलवरून रंगीत पिल्लं विकणाऱ्यांची. मुलं हट्ट करतात, आपण पाच-सहा घेतो. ही बहुतेक अंड्यावरच्या जातीची नर पिल्लं असतात, हॅचरीने टाकून दिलेली, लस न दिलेली. माझ्या मते ती घेऊच नयेत. घेतलीच तर पुढचा नियम त्यांनाही लागू.

तो नियम असा: बाहेरून आलेला कोणताही पक्षी २१ दिवस वेगळा. वेगळा म्हणजे त्याच खुराड्याच्या कोपऱ्यात नव्हे. घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळं पाणी, वेगळं भांडं. दाणा-पाणी करताना आधी आपल्या जुन्या कोंबड्या, शेवटी नवीन, आणि मग हात-पाय साबणाने धुवायचे. हा क्रम उलटला तर वेगळं ठेवून काही उपयोग नाही. पाहुण्यांनी प्रेमाने दिलेली कोंबडीही याच नियमात बसते. सासरच्या माणसांना हे सांगताना जड जातं, पण सांगावं लागतं.

चिकनच्या दुकानातला कचरा, सोललेली कातडी, पिसं, आतडी कोंबड्यांना घालू नका आणि उघड्यावर टाकू नका. कुत्री ती ओढत आणतात. घरात विकतचं चिकन धुतलेलं पाणीही अंगणात ओतू नका. अंड्यांचे कागदी ट्रे दुकानातून परत आणू नका. शेजारच्याला डालगं उसनं दिलं तर परत आल्यावर धुवून दिवसभर कडक उन्हात वाळवा. बदकं असतील तर त्यांना वेगळं ठेवा, कारण ती स्वतः आजारी न दिसता विषाणू बाळगू शकतात. खुराड्याची चप्पल खुराड्यापाशीच राहू द्या. दारात चुन्याची फक्की पसरली की आपण फार काही केलं असं वाटतं, पण चप्पल बदलण्याचा उपयोग त्याहून जास्त होतो.

३. लसीचं वेळापत्रक भिंतीवर लावा

पिल्लं अंड्यातून बाहेर आली तो पहिला दिवस धरा:

- पहिला दिवस: मरेक्स. ही हॅचरीतच देतात.
- ५ ते ७ दिवस: राणीखेतची लस (लासोटा किंवा एफ-१ नावाची), डोळ्यात किंवा नाकात एक थेंब
- १४ ते १६ दिवस: गंबोरो
- चौथा आठवडा: लासोटा पुन्हा
- सहावा आठवडा: देवी, पंखाच्या पातळ पडद्यात
- ८ ते १० आठवडे: राणीखेतची दुसरी लस, आर-टू-बी, अर्धा मिली, कातडीखाली किंवा मांसात

त्यानंतर मोठ्या कोंबड्यांना दर सहा महिन्यांनी राणीखेतची लस. हे चौकट म्हणून धरा. तुमच्या भागात कोणता रोग जास्त आहे ते पाहून दवाखान्यातले डॉक्टर त्यात बदल सांगतील, ते ऐका.

पिल्लं विकत घेताना 'मरेक्स दिलंय का?' हे विचारा. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, कोल्हापूरला, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथून किंवा नोंदणी असलेल्या हॅचरीतून घेतलेल्या पिल्लांची माहिती मिळते. खुडूक कोंबडीखाली घरीच फुटलेल्या पिल्लांना पहिल्या दिवसाची लस मिळत नाही, ते धरूनच चाला.

आर-टू-बी सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना कधीही देऊ नका. ही मुक्तेश्वर स्ट्रेनची, लासोटाहून तीव्र लस आहे. लहान पिल्लं, किंवा आधी लासोटा न मिळालेले पक्षी तिनेच आजारी पडतात, आणि मग गावात 'लस टोचली आणि कोंबड्या मेल्या' ही गोष्ट कायमची बसते. हा रोग भारतात १९२७ मध्ये पहिल्यांदा कुमाऊँमधल्या राणीखेत गावी दिसला, त्यावरूनच त्याचं नाव पडलं, आणि ही लस १९४० च्या दशकात कुमाऊँच्या त्याच डोंगरांतल्या मुक्तेश्वरच्या संस्थेत तयार झाली. इतकी वर्षं हातात असलेली, प्रति कोंबडी अगदी स्वस्तात पडणारी लस, आणि अजूनही वस्तीच्या वस्त्या याच रोगाने रिकाम्या होतात. मला वाटतं याचं कारण लोकांचा निष्काळजीपणा कमी आणि बाटलीचा आकार जास्त आहे. त्याकडे वळू.

४. लस आणणं आणि देणं

लसीची सगळ्यात लहान बाटली साधारण शंभर मात्रांची असते. तुमच्याकडे कोंबड्या बारा. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही. म्हणून माणूस म्हणतो, बारा कोंबड्यांसाठी कुठे जायचं? उपाय एकच, वस्ती एकत्र करा. आठ-दहा घरं मिळून एक तारीख ठरवा. बचत गटाच्या बायका हे काम पुरुषांपेक्षा चांगलं करतात, आणि गावात पशुसखी (जनावरांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलेली गावातलीच बाई) असेल तर तिला आधी गाठा. याचा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे. तुमच्या कोंबड्यांना लस आहे आणि शेजाऱ्याच्यांना नाही, तर रोग कुंपणाला टेकलेलाच राहतो.

तारखा वर्षातून दोन ठेवा. आमच्याकडे माघात एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि श्रावणाच्या आसपास एकदा. मधल्या काळात फुटलेल्या पिल्लांसाठी लासोटाची वेगळी फेरी करावी लागते.

लस कुठे मिळते? आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पुण्यात औंधला राज्याची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे, तिथे बनणाऱ्या लसी दवाखान्यांमार्फत येतात. साठा नेहमी असतोच असं नाही, म्हणून पंधरा दिवस आधी नाव नोंदवून ठेवा. नसेल तर पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळते. घेताना तीन गोष्टी पहा: मुदतीची तारीख, दुकानदाराने ती फ्रीजमधून काढून दिली की कपाटातून, आणि सोबत पातळ करायचं द्रावण दिलं की नाही. कपाटातून काढून दिली तर दुकान बदला.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. थर्मासमध्ये बर्फ, बर्फाभोवती कागद, त्यात बाटली. एसटीच्या खिडकीत उन्हात ठेवलेली पिशवी म्हणजे पैसे देऊन आणलेलं पाणी.

दिवस ठरला की आठवडाभर आधी जंताचं औषध द्या. लस द्यायची वेळ पहाटेची, खुराडं उघडण्याआधी. एकदा कोंबड्या बाहेर पडल्या की गावरान कोंबडी पकडणं म्हणजे सगळ्या वस्तीला फुकटचा तमाशा. झाडावर बसणाऱ्यांना आदल्या संध्याकाळीच उतरवून कोंडा.

बाटली फोडल्यापासून दीड-दोन तासांत संपवा. लेबलवर जितकं लिहिलंय तितक्याच द्रावणात मिसळा. आर-टू-बी शंभर मात्रांची असेल तर ५० मिली सलाईनमध्ये, म्हणजे प्रत्येकी अर्धा मिली बरोबर येतो. बाटली जोरजोरात हलवू नका, हलक्या हाताने फिरवा. मधल्या वेळात ती बर्फावरच राहू द्या.

लासोटा पिण्याच्या पाण्यातून द्या असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. शेडमध्ये ते ठीक आहे. परसातली कोंबडी डबक्यातलं, गोठ्यातलं, भांडी घासायच्या मोरीतलं पाणी पिते, तुमचं लसीचं पाणी ती पिईलच याची खात्री नाही. त्यामुळे पंचवीसपर्यंत पक्षी असतील तर प्रत्येकाला धरून डोळ्यात एक थेंब, हेच बरं. थेंब टाकल्यावर पापणी मिटून उघडेपर्यंत धरून ठेवा, नाहीतर मान झटकून तो बाहेर जातो. पाण्यातूनच द्यायची वेळ आली तर नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोरीनने लस मरते. विहिरीचं किंवा बोअरचं घ्या, लिटरला दोन-तीन ग्रॅम बिनसायीची दूध पावडर घाला, भांडं प्लॅस्टिकचं ठेवा आणि आधी तास-दोन तास कोंबड्यांना तहानलेलं ठेवा.

देवीची लस दुहेरी सुईने पंखाच्या पडद्यात टोचतात. सात ते दहा दिवसांनी तिथे बारीक गाठ किंवा खपली दिसली पाहिजे. पाच-सहा कोंबड्यांचे पंख उलगडून पाहा. कुठेच काही नसेल तर लस लागलेली नाही, पुन्हा द्यावी लागेल. लस कामाला आली की नाही हे डोळ्यांनी दिसतं असं फार कमी वेळा घडतं, तेव्हा ही संधी सोडू नका.

लस देताना स्वतःचे डोळे चोळू नका. राणीखेतच्या लसीतल्या विषाणूने माणसाचे डोळे येतात. काही दिवसांत बरे होतात, पण चुरचुर पुरेशी होते. काम झालं की हात साबणाने धुवा, उरलेली लस आणि रिकाम्या बाटल्या उकळून किंवा जाळून मगच टाका. आजारी दिसणाऱ्या कोंबडीला लस देऊ नका. आणि वस्तीत मर सुरू झाल्यावर स्वतःच्या मनाने सगळ्यांना टोचत सुटू नका. ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरलाय त्यांना त्याचा उपयोग नाही, शिवाय तीच सुई एका कोंबडीचा रोग दुसरीला देते. अशा वेळी कोणाला टोचायचं, कोणाला नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

५. पहिला संशय आला त्या दिवशी

सकाळी एक मेलेली सापडली आणि दुसरी पंख पाडून बसली आहे. आता क्रमाने:

बाकीच्या कोंबड्या मोकळ्या सोडू नका. दाणा-पाणी खुराड्यातच. आजारी दिसणारी लगेच वेगळ्या डालग्याखाली, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मुलांना, कुत्र्याला लांब ठेवा.

विकू नका. कापूनही खाऊ नका. 'मरायच्या आधी कापू' हा हिशेब घरोघरी होतो, मला तो समजतो, पाचशे-सहाशे रुपयांचा पक्षी डोळ्यांदेखत जातो. पण कापताना उडालेलं रक्त, पिसं, आतडी हाच रोगाचा सगळ्यात मोठा साठा असतो, आणि रोग बर्ड फ्लू निघाला तर कापणाऱ्याच्या जिवाला धोका. शेजाऱ्यांना लपवून न ठेवता सांगा. नाव खराब होईल अशी भीती वाटते, पण दोन दिवसांनी त्यांच्याही कोंबड्या मरतात आणि तेव्हा नाव जास्त खराब होतं.

मग दवाखान्याला फोन करा. फोन लागत नसेल तर १९६२ या पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकावर. किती होत्या, किती मेल्या, किती तासांत, लस कधी दिली, नवीन पक्षी कधी आणला, हे वहीतून वाचून सांगा.

नुकतीच मेलेली कोंबडी तपासणीला लागते. पण ती पिशवीत घालून स्वतः एसटीने घेऊन निघू नका, आधी डॉक्टरांना विचारा. ते आणा म्हणाले तर हातमोजे घालून दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधा, बर्फावर ठेवा, गोठवू नका, आणि त्याच दिवशी पोचवा. कालची सडलेली कोंबडी काही सांगत नाही. शवविच्छेदनात डॉक्टर जठरावरचे लाल ठिपके पाहून राणीखेतचा अंदाज बांधतात. खात्रीसाठी नमुने औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात.

या दिवसांत कोणीतरी अँटिबायोटिकची पुडी आणून देतो. विषाणूवर ती चालत नाही. सोबत जिवाणूंचा संसर्ग झालेला असेल तर डॉक्टर लिहून देतात, आणि तेव्हा त्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत तेही त्यांनाच विचारा.

६. बर्ड फ्लूचा संशय असेल तर

थोड्या काळात अनेक पक्षी पटापट मरणं, तुरा निळा-जांभळा पडणं, डोकं आणि डोळ्यांभोवती सूज, पायांवर लाल चट्टे, आणि याच सुमारास गावात कावळे किंवा इतर पक्षी मरून पडणं, ही चिन्हं दिसली तर हात लावायचा नाही. तीव्र राणीखेतही असाच दिसतो, आणि म्हणूनच अंदाज बांधत बसायचं नाही.

हा रोग भारतात पहिल्यांदा आपल्याच राज्यात सापडला, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात, आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला मेलेल्या कावळ्यांमध्ये तो निघाला. तेव्हा 'हे शहरातल्या पोल्ट्रीवाल्यांचं, आपलं काही नाही' असं समजू नका.

कळवणं ही कायद्यानेही तुमची जबाबदारी आहे, २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यानुसार. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात. तिथून होकार आला की रोगाच्या ठिकाणापासून साधारण १ किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. तुमच्या निरोगी दिसणाऱ्या कोंबड्याही त्यात जातात. त्या दिवशी घरातल्या लहानांना दुसरीकडे पाठवा.

भरपाई मिळते ती सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, अंड्यांची आणि खाद्याची. आधीच रोगाने मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे चार दिवस वाट पाहून कळवलं तर मोजायला फारसं काही उरत नाही. आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत आणि तुमची वही हाताशी ठेवा. पंचनाम्यात लिहिलेला आकडा तिथेच वाचून बघा, मगच सही करा.

पथक येण्याआधी मेलेल्या पक्ष्याला हात लागलाच असेल आणि पुढच्या दहा दिवसांत ताप, खोकला, घसादुखी झाली तर डॉक्टरांना कोंबड्यांची गोष्ट आवर्जून सांगा.

७. वाचलेल्यांची देखभाल

मानमोडीतून काही कोंबड्या वाचतात. मान वाकडी राहते, गोल गोल फिरतात, दाणा टिपताना नेम चुकतो. उथळ परातीत ओला भरडा ठेवला तर खाऊ शकतात. पाण्यात गूळ आणि चिमूटभर मीठ, किंवा डॉक्टरांनी दिलेलं जीवनसत्त्व. पहिले काही आठवडे त्यांच्या शिटेतून विषाणू बाहेर पडत असतो, म्हणून इतरांत सोडायची घाई नको. दाणे खाऊ शकणारी, चालणारी कोंबडी मी ठेवते. जिला पाणीही पिता येत नाही तिला दिवसेंदिवस डालग्याखाली ठेवणं मला पटत नाही. डॉक्टरांना सांगून तिचा त्रास संपवावा.

देवीत काम जास्त पण यशही जास्त. खपल्या ओढून काढू नका. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने पुसा, वरून टिंक्चर आयोडीन किंवा कडुनिंबाच्या तेलात कालवलेली हळद लावा. डोळा चिकटला असेल तर कोमट पाण्याने सोडवा, कारण देवी झालेल्या कोंबड्या रोगाने कमी आणि डोळे बंद झाल्यामुळे उपाशी राहून जास्त मरतात. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबिरीचे देठ असं हिरवं खायला द्या. खुराड्याजवळचं साचलेलं पाणी काढा, संध्याकाळी धूर करा. एक-दोन कोंबड्यांनाच देवी असतील तर बाकीच्यांना लस द्यायची का हे डॉक्टरांना विचारा. राणीखेतच्या उलट, देवीत ही वेळ अजून गेलेली नसते.

८. मेलेल्यांची विल्हेवाट आणि पुन्हा सुरुवात

नदीत, ओढ्यात, उकिरड्यावर किंवा बांधापलीकडे फेकू नका. विहिरीपासून लांब किमान तीन फुटांचा खड्डा खणा, खाली चुना, मग पक्षी, वरून पुन्हा चुना आणि माती. कुत्री उकरतात, म्हणून वर दगड किंवा काटेरी फांद्या. बर्ड फ्लूचा संशय असेल तर हेही करू नका, पथकाची वाट पाहा.

खुराड्यातलं तूस, गवत, अंडी घालायच्या टोपल्यांतला पेंढा सगळा जाळा. टोपल्या जुन्या असतील तर त्याही. मग खरवडून शीट काढा, सोड्याच्या पाण्याने घासा, वाळू द्या आणि मगच ब्लिचिंगचं पाणी मारा. घाणीवर ब्लिचिंग ओतलं तर ते घाणीतच संपतं, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. भेगांत विषाणूही राहतो आणि गोचिडीही, तिथे ब्लो लॅम्प (ज्योतीने भाजणारा दिवा) फिरवून घ्या किंवा चुन्याची सफेदी दाटसर मारा. छपराचा पत्रा एक-दोन दिवस काढता आला तर सूर्य आपलं काम फुकटात करतो.

त्यानंतर खुराडं तीन-चार आठवडे रिकामं. बर्ड फ्लू झाला असेल तर सरकारी परवानगी मिळेपर्यंत. हे आठवडे फार लांब वाटतात, अंगण सुनं पडतं, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी 'माझ्याकडे चार कोंबड्या आहेत, घेऊन जा' म्हणतो. घेऊ नका. त्याऐवजी हॅचरीत पिल्लांची नोंदणी करा आणि पिल्लं यायच्या आधी लासोटाची बाटली कुठून आणायची ते ठरवून ठेवा, कारण पाचवा दिवस रविवारी आला तर दवाखाना बंद असतो. पहिल्या खेपेला पंधरा-वीसच घ्या. महिन्याभराने, चौथ्या आठवड्याची लस झाल्यावर, पुढची खेप.